बिनधुराचं यंत्र

आमच्या घरामागच्या अंगणात चार झाडं आहेत. एक कडुनिंब, एक आंबा आणि दोन बदाम. बदाम म्हणजे खायचा नव्हे राजेहो, तो हाताच्या पंजापेक्षा मोठ्या पानांचा, सावलीचा. चारही झाडं मीच लावली. नंदनवन कॉलनीत प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा मागं नुसती उघडी जागा होती आणि पश्चिमेचं ऊन थेट स्वयंपाकघरात शिरायचं. सावली पाहिजे म्हणून झाडं लावली, सावली मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण थंडी सरली की ही झाडं अशी काही झडतात की विचारू नका. अंगण झाडावं, हातपाय धुवून यावं, तर अंगण जसंच्या तसं.

हा पाला मी तीस वर्षं जाळला. रोज सकाळी साडेसहाला, न चुकता. जाळायला मनाई आहे हे मलाही माहीत होतं, पेपर वाचतो मी. पण कचऱ्याची गाडी येते ती इवलीशी, आणि माझी पोती ही एवढाली. गाडीवाला लांबूनच हात जोडायचा. त्याचीही चूक नव्हती. आणि खरं सांगू का, त्यानं पोती नेली असती तरी मी जाळलंच असतं.

माझं लहानपण खाप्याजवळच्या एका खेड्यात गेलं. उन्हाळ्यात आमच्याकडे वावर साफ करायचं म्हणजे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायच्या, धसकटं वेचायची, एका कडेला ढीग लावायचा आणि काडी ओढायची. ढिगाची राख होईपर्यंत माझे बाबा तिथून हलायचे नाहीत. राख झाली की पागोटं झटकत म्हणायचे, "आता झालं वावर साफ." तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, कचरा जळला तर काम झालं, नुसता गोळा केला तर अर्धंच झालं. अंगणात राखेचा काळा गोल दिसल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

मग एका दिवाळीनंतर बायकोला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग स्वयंपाकघरातच, मग एका दुपारी बसल्या जागी. धरमपेठेत एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तिथल्या तिथं भरती करून घेतलं. पाच दिवस तिच्या नाकावर मास्क आणि माझ्या हातात तिच्या चपला. मला काही सुचत नव्हतं म्हणून मी त्या चपला हातातच धरून बसायचो, नर्स दोनदा म्हणाली, काका, खाली ठेवा. सुट्टी देताना डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी सिगरेट पितं का? मी म्हटलं, नाही. चूल आहे का? नाही. आजूबाजूला काही जळतं का? मी वर पंख्याकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर समजायचं ते समजले. म्हणाले, पुढचा झटका साधा नसेल. हिच्या जवळपास धूर नको म्हणजे नको.

आमची मुलगी पुण्याला असते. तिला कळलं तसा तिचा फोन. "बाबा, एक तर ती झाडं तोडा, नाही तर आईले माझ्याकडे पाठवा. चार दिवसांसाठी नाही, कायमची."

"आणि मी?"

"तुमी बसा पाला जाळत."

पोरगी माझ्यावरच गेली आहे, तोंडावर बोलते. पण फोन ठेवल्यावर मी मागच्या दारात जाऊन झाडांकडे पाहत बसलो. झाडं जातात, नाही तर बायको जाते, एवढंच मला दिसत होतं. पाला जाळायचंच बंद करावं, ही तिसरी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आली असती तर हे लिहायची पाळीच आली नसती. माझ्या डोक्यात काय आलं? तर धूर होणार नाही असं यंत्र बनवावं! तोवर पाला पोत्यांत भरून ठेवायचा.

आता माझा धंदा सांगतो. मी जन्मभर कूलर बनवले. पत्रा कापण्यापासून पंखा बसवण्यापर्यंत सगळं स्वतः. आता दुकान बंद केलं आहे, पण हत्यारं विकली नाहीत, मागच्या शेडमध्ये आहेत. कूलर म्हणजे शेवटी काय? तीन बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, मध्ये पंखा. बाहेरची हवा ओढायची, ताट्यांतून गार करायची आणि घरात फेकायची. हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा समजावून सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. म्हणून मला वाटलं, हवेला कुठं ओढायचं आणि कुठं सोडायचं हे ह्या शहरात माझ्याइतकं कोणाला कळतं? धूर म्हणजे तरी काय, नीट न जळलेला कचरा. त्याला भरपूर हवा द्या, धूरच जळून जाईल. लोहाराच्या भात्याचंच तत्त्व. आणि हातासरशी पाला गोळा करायचं कामही यंत्रानंच करावं, कारण झाडताना जी धूळ उडते तीही तिला सोसत नव्हती.

पहिलं यंत्र फसलं. जुन्या कूलरचा पंखा उलटा लावला, पुढे पत्र्याचं तोंड केलं, बटन दाबलं. पाला आत यायच्या ऐवजी सगळा उडून शेजारच्या भिंतीपलीकडे पडला. भिंतीपलीकडून आवाज आला, "आमचा आमाले पुरते ना भाऊ!" साधा पंखा हवा ढकलतो, पाला ओढण्याइतकी ताकद त्याच्यात नसते, हे मला कळायला पाहिजे होतं. मग एका मंगल कार्यालयातून त्यांच्या मोडक्या डक्ट कूलरचा ब्लोअर उचलून आणला. तो गोल पिंपासारखा असतो, त्यात पात्यांचं चाक फिरतं. त्याला सहा इंची पाइप जोडला, पाइपाला चपटं तोंड. कूलरचीच एक रिकामी पेटी हातगाडीच्या चाकांवर ठेवली. पाला पाइपातून ब्लोअरमध्ये, पात्यांत त्याचा चुरा होऊन पेटीत. पेटीतून खाली सरकला की लोखंडी ड्रममध्ये. ड्रमच्या बुडाशी भोकं पाडली, तिथं दुसरी एक लहान मोटर हवा फुंकायला. ड्रमच्या तळाशी जाळी पाहिजे होती, ती काही मिळेना. मग मला एक जाळी सापडली.

"माझी गव्हाची चाळणी कुठं गेली?" बायकोनं विचारलं.

"तुझ्यासाठीच करून राहिलो मी हे सारं."

"माझ्यासाठी काही करायचं असन तर चाळणी आणून द्या."

ती रोज दुपारी मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि माझं काम पाहायची. नुसती पाहायची नाही, टोमणेही मारायची. ड्रमला मी हिरवा रंग दिला तर म्हणाली, "रंग देऊन काय होते, आता त्याले लुगडं नेसवा." मी चिडायचो. मला राग लवकर येतो, आणि यंत्राच्या कामात कोणी मध्ये बोललं की अजून लवकर. पण मनातून बरंही वाटायचं. बोलते आहे म्हणजे दम नाही लागत. दिवसातून दहा वेळा मी तिचा श्वास ऐकायचो, ती ओरडली की समाधान व्हायचं.

फेब्रुवारीत यंत्र तयार झालं. सगळं जोडल्यावर दिसायला ते फार काही चांगलं नव्हतं, पण चालू केलं आणि काय सांगू! अंगणातला वाळका पाला पाइपात सरसर शिरला, चुरा झाला, ड्रममध्ये पडला. काडी लावली. खालून हवा लागताच आतमध्ये पिवळा जाळ भडकला आणि वरच्या सहा फुटी चिमणीतून नुसती गरम हवा थरथरताना दिसत होती. धुराचा पत्ता नाही. बायको तोंडाला पदर लावून दारात उभी होती, तिनंही पदर काढला. मी लगेच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चिमणीसमोर धरला.

"बाबा, काहीच दिसून नाही राहिलं."

"तेच तर सांगून राहिलो, काहीच नाही दिसत!"

पोरगी हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "ठीक आहे. पण एक वेळ, फक्त एक वेळ जरी आईले त्रास झाला, तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मग मले रडून नका दाखवू." मी म्हटलं, मान्य. यंत्राला हात लावून म्हटलं.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. माझ्या बायकोच्या खोलीतला कूलर मी स्वतः बनवलेला आहे, मागच्या खिडकीत बसवलेला, ह्या गल्लीत तसा दुसरा नाही. सगळ्यात मोठा पंखा, दुप्पट जाडीच्या वाळ्याच्या ताट्या. त्या वर्षी तिच्यासाठी मी ताट्या नव्या भरल्या, टाकी धुतली, मोटरीला तेल दिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोली गार ठेवा, दारं थोडी उघडी ठेवा, हवा खेळती राहू द्या. ती दुपारी जेवून तिथं झोपायची. कूलरचा घर्रर आवाज मागच्या अंगणापर्यंत यायचा, आणि तो आवाज आला की मी समजायचो, झोपली.

मार्चच्या शेवटी दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. गाराही पडल्या. झाडांवर जो काही वाळका पाला उरला होता तो सगळा खाली आला, आणि माझी भरून ठेवलेली पोती शेडच्या बाहेर होती, ती भिजली. आता ओला पाला चार दिवस वाळवून मग जाळावा, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. पण मला कुठं धीर? तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं तसा मी सकाळपासून पोतीच मोजत होतो. वरून पाला वाळल्यासारखा दिसत होता. जेवताना मी घाईघाईत जेवलो. बायको म्हणाली, "एवढी काय घाई आहे?" मी म्हटलं, "काही नाही, जरा मोटर पाहतो." ती हो म्हणाली आणि खोलीत गेली. थोड्या वेळानं कूलरचा आवाज सुरू झाला.

मी यंत्र सावलीत ओढलं. सावली कुठं होती? आंब्याची, खोलीच्या भिंतीला लागून, खिडकीपासून फार तर सात-आठ फुटांवर. उन्हात उभं राहवत नव्हतं हो, मार्चमध्येच डोक्यावर टोपी घालायची वेळ आली होती. पहिलं पोतं बरं जळलं. दुसऱ्या पोत्याला पाइप गुरगुरला. तिसऱ्या पोत्यात ओला पाला ब्लोअरमध्ये चिकटला, लगदा होऊन ड्रममध्ये पडला आणि खालच्या चाळणीची भोकं बुजली. जाळ विझला. मग चिमणीतून जाड, पिवळसर, जड धूर यायला लागला.

मी घाबरलो आणि लगेच वर पाहिलं. आणि पाहतो तर काय, धूर वर जातच नव्हता. चिमणीतून निघायचा, थोडा वाकायचा आणि चार-पाच फुटांवर गायब व्हायचा. अंगणात धूर नाही, झाडांत नाही, शेजारी नाही. माझ्या डोळ्यांत नाही, नाकात नाही. मी म्हटलं, अरे वा! ओल्या पाल्याचाही धूर जिरून जातो म्हणजे कमाल झाली. खोटं नाही सांगत, मी तिथं उभा राहून स्वतःवरच खूश झालो. पोरीला फोन लावायचा विचारही केला. चौथं पोतं टाकलं.

तो धूर कुठं जिरत होता ते मला किती वेळानं कळलं, सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील. मी पोतं झटकायला वळलो आणि सहज माझी नजर धुराबरोबर गेली. तो भिंतीला धरून सरळ एका रेषेत चालला होता. खिडकीकडे. कूलरच्या ताट्यांतून आत. माझ्या हातचा कूलर, गल्लीतला सगळ्यात मोठा पंखा, बाहेरची हवा ओढून घरात फेकत होता. जे मी जन्मभर लोकांना सांगितलं तेच.

मी हातातलं पोतं टाकलं. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकलून स्वयंपाकघरातून खोलीत गेलो. खोली पांढरी झाली होती. काही दिसत नव्हतं. "कुठं आहेस वं? अवं, कुठं आहेस?" पलंगावर हात फिरवला. चादर लागली, उशी लागली, ती लागली नाही. खाली पडली असेल म्हणून गुडघ्यांवर बसून पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत हात घातला. पलंगाखाली पाहिलं. न्हाणीघराचं दार उघडून पाहिलं. स्टुलावर तिचा इन्हेलर नव्हता. त्या क्षणी मला झाडं आठवली नाहीत, यंत्र आठवलं नाही, पोरीला दिलेला शब्दही नाही. एवढंच वाटत होतं की मी तिला मारलं. माझ्याच हातानं.

कूलरचं बटन बंद केलं आणि खोकत समोरच्या दारातून बाहेर पळालो.

ती समोरच्या घराच्या ओट्यावर बसली होती. पुढ्यात सुपात चिंचा. बाजूला समोरच्या वहिनी. दोघी चिंचा फोडून चिंचोके वेगळे करत होत्या. मी फाटक धरून उभा राहिलो. माझा अवतार पाहून वहिनी उठल्या. बायको नाही उठली. तिनं एक चिंच फोडली, चिंचोके वाटीत टाकले आणि विचारलं, "झालं का जाळून?"

मी रस्त्यावरच बसलो. भर उन्हात, डांबरावर, लहान पोरासारखा रडलो. जिवात जीव येणं म्हणतात ते इतक्या खऱ्या अर्थानं मी कधी अनुभवलं नव्हतं. असं हलकं वाटत होतं, जणू कोणी छातीवरून दगड उचलला. वहिनींनी पाणी आणलं. ते अर्धं माझ्या शर्टावर सांडलं.

"तू झोपली नव्हती?" एवढंच मला विचारता आलं.

"तुमी सकाळपासून पोते मोजून राहिले होते. मले समजत नाही का? तुमी जेवून उठले तशी मी इन्हेलर घेतला आन् इकडे आली."

"मंग कूलर काहून चालू ठेवला?"

तिनं सूप जरा बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "बंद असता तर तुमाले समजलं असतं मी नाही म्हणून. मंग तुमी इथं आले असते, काहून आली, माझ्या यंत्रावर भरोसा नाही का, म्हणून. एवढे महिने खपले तुमी. म्हटलं, राहू द्या. त्याइले वाटू द्या झोपली म्हणून."

वहिनी गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आज काय पह्यल्यांदा आली का ते? तीस वर्षं झाले, रोज सकाळी धूर निघाला की आमी दोघी मंदिरात."

आता हे ऐका. माझी बायको रोज सकाळी साडेसहाला मारोतीच्या मंदिरात जायची आणि आठला परत यायची. थंडी असो, ऊन असो. मी ह्याचा किती मोठेपणा सांगत आलो होतो! पाहुणे आले की सांगायचो, आमच्या घरात देवधर्म हिच्यामुळे आहे, मी काही करत नाही, पण हिची सकाळ कधी चुकत नाही. पोरीच्या लग्नात व्याह्यांनाही सांगितलं होतं. ती तेव्हा शेजारी उभी होती आणि साडीचा पदर सारखा करत होती.

"तिथं पूजा किती वेळ चालते?" मी वहिनींना विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"कायची पूजा भाऊजी? मंदिराचं ग्रिल आठ वाजता उघडते. त्याच्या आधी कुलूप राहते. आमी बाहेर पारावर बसून राहायचो गप्पा मारत. हवा चांगली राहते तिकडे."

मी बायकोकडे पाहिलं. ती चिंच फोडतच होती.

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं. घर बांधलं त्याच वर्षी. तुमी म्हणाले, कडुनिंबाचा धूर आंगाले चांगला राहते, मच्छर जातात."

मला हे बोललेलं आठवत नाही. पण बोललो असेन यात शंका नाही, ते शब्द माझेच आहेत. आमच्या खेड्यात सगळे असंच म्हणायचे आणि मीही तसंच म्हटलं असणार, तिच्याकडे न पाहता, ढीग पेटवता पेटवता. ती एकदा बोलली, मी ऐकलं नाही, मग तिनं स्वतःपुरता रस्ता काढला आणि तीस वर्षं पुन्हा विषय काढला नाही. मला राग यायला पाहिजे होता की नाही, कोणावर यायला पाहिजे होता, काही कळेना. शरम वाटत होती, आणि त्या शरमेच्याही वर, ती समोर बसून बोलते आहे, तिला दम लागलेला नाही, ह्याचाच आनंद होता. तिनं माझं ऐकलं नाही, म्हणून ती वाचली. आज आणि ह्याआधीही.

"आता इथं काय बसले?" ती म्हणाली. "जाऊन आधी ते विझवा. नाही तर वहिनीच्या घरी धूर यायचा."

मी गेलो. नळी लावून ड्रम भिजवला, तो फुसफुसत विझला. खिडक्या उघडल्या, चादरी काढल्या, भिंती ओल्या फडक्यानं पुसल्या. कूलरच्या नव्या ताट्या पिवळ्या पडल्या होत्या, त्या ओढून काढल्या. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा खोलीत नाक लावून वास घेतला आणि म्हणाली, "आज मी समोरच्या खोलीत झोपतो." मी तिथं तिची गादी टाकून दिली.

पोरीला फोन मीच केला. बायको नको नको म्हणत होती, कोणाला कळलं नाही, कशाला सांगता. पण मी यंत्राला हात लावून शब्द दिला होता आणि लपवायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. सगळं सांगितलं. खिडकीचं, कूलरचं, पलंगाखाली शोधलं त्याचं. मंदिराचंही. मला वाटलं, झालं, आता तिकीट काढते. मी म्हटलं, "तू म्हणशील तसं. उद्या पाठवू का आईले?"

ती म्हणाली, "मंदिराचं मले माहीत होतं बाबा. मी लहान होती तेव्हा मलेही घेऊन जायची."

म्हणजे घरात फक्त मलाच माहीत नव्हतं! मला हसूही आलं आणि पुन्हा रडूही आलं. तेवढ्यात बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला. "मी कुठं येत नाही," तिनं पोरीला सांगितलं. "धूर संपला आता. ह्याइले मी पाहून घेतो." तिनं हे इतकं ठामपणे म्हटलं की माझीही छाती मोकळी झाली. पोरीनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण नंतर दोघी चिंचेच्या गोळ्यांबद्दल बोलायला लागल्या, तेव्हा मी समजलो, वाचलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून मी पाना घेऊन बसलो. ड्रम, चिमणी, खालची फुंकायची मोटर, जाळायचं जे काही होतं ते सगळं खोललं आणि फाटकाबाहेर भंगारवाल्यासाठी ठेवलं. पेटी, पाइप आणि ब्लोअर राहू दिला. पाला गोळा करून त्याचा चुरा करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही, हे मानावंच लागेल. आंब्याच्या मागं कुदळीनं हातभर खड्डा खणला. चुरा त्यात टाकून वर थोडी माती, थोडं पाणी. बाबा असते तर म्हणाले असते, हे कसलं साफ करणं? मला स्वतःलाही पहिले काही दिवस काम अपुरं राहिल्यासारखंच वाटलं. हात सारखा खिशातली काडेपेटी चाचपायचा. आता ती सवय मोडली आहे.

पण मला सांगायची आहे ती त्याच सकाळची गोष्ट. ब्लोअर फिरवून मी अंगण साफ केलं, खड्ड्यावर माती टाकली आणि घाम पुसत उभा राहिलो. ऊन अजून कोवळं होतं, कडुनिंबाला लालसर नवी पालवी फुटली होती. साडेसहा वाजून गेले होते. इतकी वर्षं ह्या वेळी मी धुरात एकटा असायचो, आणि ते एकटं असणं मला कधी जाणवलंही नव्हतं. मागचं दार वाजलं. बायको बाहेर आली, केस अजून विंचरायचे होते, हातात दोन कप. पायरीवरचा पाला पायानं बाजूला सारून ती बसली. तिनं चारही झाडांकडे एकदा नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, पहिल्यांदा कोणाच्या घरी आल्यावर पाहतात तसं. मग एक लांब श्वास घेतला. मला सवय झाली होती, म्हणून मी ऐकत राहिलो. साफ होता.

मी विचारलं, "मंदिरात नाही जायचं आज?"

तिनं दुसरा कप माझ्यापुढे केला.

"आता कायले?"